साक्षीच्या पट्ट्या

"तळहाताच्या फोडासारख्या जपल्यात बघा तुमच्या पट्ट्या," मालनकाकू म्हणाल्या आणि हातातल्या ओल्या फडक्यानं त्यांनी लाकडी चौकटीवरची तिसरी पट्टी वरपासून खालपर्यंत पुसून काढली.

स्वप्नाली खराडे देवळाच्या गच्चीवर तुळशी खुडायला आली होती. सकाळचे साडेनऊ झाले होते. शिरतळच्या सप्ताहाचा आज शेवटचा दिवस. दहा वाजता तिच्या सासऱ्यांचं, भानुदासबुवांचं, काल्याचं कीर्तन उभं राहणार होतं, आणि बुवांच्या गळ्यातला हार सुनेनं करायचा हा घरातला रिवाज. सात दिवस तिनं रजा टाकली होती. ऑफिसचं नावही तिला नको होतं.

"रोज पुसता, काकू?" तिनं सहज विचारलं.

"रोज म्हंजे रोज. आधी समया, मग घंटा, मग ह्या. सहा वर्षं झाली, एक दिस चुकले न्हाई. आजारी पडले तर सुनेला लावते. सरकारी शिक्क्याची चीज, अशी धुळीत कशी ठिवायची? बसवल्या तवा तुम्हीच नारळ फोडलात न्हवं?" मालनकाकू गुरवांच्या घरातल्या. देवाची भांडी घासून घासून त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली. "आन् गेल्या साली तुम्ही म्हणालात, काकू, छान ठेवल्यात हं. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!"

तुळशीची मंजिरी स्वप्नालीच्या चिमटीत तशीच राहिली.

गच्चीच्या कठड्यापलीकडे, हात लांबवला की लागेल इतकी जवळ, साउलीची खाली उतरलेली कड होती. साउली म्हणजे शिरतळचं दुसरं आभाळ. फाल्गुनातच पारा चव्वेचाळीसवर जाऊ लागला, अकरा ते चार उघड्यावर माणसं जमवायला कायद्यानं बंदी आली, तेव्हा गावोगाव ही छपरं उभी राहिली. सहा पोलादी खांब, त्यांवर ताणलेलं दुधी प्लॅस्टिकचं कापड, भोवती जाळीचं कुंपण, आणि मधोमध प्लॅस्टिकच्याच रुंद विणलेल्या बेल्टांना टांगलेलं नऊशे किलोचं लोखंडी कडं. कड्यात दिवे, पंखे आणि बारीक धुकं सोडणाऱ्या नळ्या. साउलीखाली बाजार भरे, शाळेची कवायत होई, लग्नं लागत. सगळ्यांत गार जागा कड्याच्या बरोबर खाली; ती मानानं बायकांची आणि म्हाताऱ्यांची.

प्लॅस्टिक उन्हात का मरतं, हे स्वप्नालीनं बुवांना एकदा जेवणं झाल्यावर समजावलं होतं. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण एखादी कडी तोडतात. तुटलेलं टोक पिसाटतं, शेजारच्या साखळीला डसतं. ती तुटते आणि पुढच्या साखळीला डसते. बाहेरून फारसं दिसत नाही, आतून धाग्याचा भुसा होत जातो. म्हणून मालात एक रक्षक द्रव्य मिसळतात. त्याचे रेणू ह्या पिसाटलेल्या टोकांना धरून शांत करतात, आणि काम झालं की स्वतः मोकळे होऊन पुढच्याला धरायला तयार.

"मग ते आमचे टाळकरीच की," बुवा खूश होऊन म्हणाले होते. "माझा दम सुटला की चरण झेलतात, परत माझ्या हाती देतात, आणि पुन्हा उभे!"

तसंच होतं ते. फक्त जुनी द्रव्यं चार-सहा वर्षांत संपून जात. मग 'चिरछाया' आलं. त्याचा साठा धाग्याच्या गाभ्यात राही आणि वरचा थर रिता झाला की आतून आपोआप वर झिरपे. पंचवीस वर्षांची हमी. त्या हमीवर पोलादी दोर गेले, स्वस्त आणि हलके बेल्ट आले, आणि राज्यात सहा हजार छपरं उभी राहिली. चिरछायाला शत्रू एकच होता: आम्ल. आम्ल भेटलं की ते त्याला चिकटून बसे आणि हात बांधल्यासारखं निकामी होई. मग आतून नवं वर येई, तेही बांधलं जाई. ज्या गुणासाठी त्याला एवढं नावाजलं, त्याच गुणानं ते गाभ्यापर्यंत रितं होऊ शकत होतं.

शिरतळभोवती सातशे एकर द्राक्षबाग होती. भुरी रोगासाठी दर आठवड्याला ड्रोन गंधकाची भुकटी धुरळत. त्या भुकटीवर ऊन आणि नळ्यांचं धुकं पडलं की आम्ल तयार होतं.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. म्हणून तर प्रत्येक गावात साक्षीच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. छपराच्याच मालाच्या, त्याच उन्हावाऱ्यात. दर वर्षी एक काढून यंत्रात ताणायची. छपरावर जे जे गुजरलं ते पट्टीवरही गुजरलेलं असणार, एवढ्या एका विश्वासावर सगळी तपासणी उभी होती. नऊ दिवसांपूर्वी स्वप्नालीनं शिरतळची सहावी पट्टी ताणली होती. नव्यासारखी निघाली. तिनं दाखल्यावर सही केली.

पट्ट्या पुसू नका, असं मालनकाकूंना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

स्वप्नालीनं कठड्यावरून हात लांबवला. साउलीवर पिवळट कवच धरलं होतं. तिनं कडेची शिवण अंगठ्याखाली दाबली. पापडाचा कोपरा मोडावा तसा टवका निघाला आणि वाऱ्यावर गेला.

खाली पखवाजावर थाप पडली.

◆

"सूनबाई, नऊ दिवसांपूर्वी सही कुणाची होती?" जयसिंगदादा मगदूम यांनी शांतपणे विचारलं. दादा सप्ताह समितीचे अध्यक्ष आणि गावातले सर्वांत मोठे द्राक्ष बागायतदार. ते साउलीच्या दाराशी पाहुण्यांना बुक्का लावत उभे होते.

"माझीच, दादा."

"मग आता कुणाचं ऐकू मी? त्या दिवशीच्या स्वप्नालीचं का आजच्या?"

"आजच्या. त्या दिवशी मी चुकले. दादा, कड्याचे बेल्ट गेलेले असू शकतात. बाराच्या सुमाराला वारं सुटणार आहे, अंदाज आलाय. कीर्तन थांबवा."

"असू शकतात म्हणतीस. गेलेत म्हणत न्हाईस." दादांनी एका म्हाताऱ्याच्या कपाळाला बोट लावलं, हात जोडले, मग तिच्याकडं वळले. "तेहतीस वर्षं हा सप्ताह अखंड हाय. वीणा भुईला टेकली न्हाई. आन् भायेर बघितलंस का? चार हजार माणूस ह्या उन्हात काढू? त्यातली पन्नास म्हातारी आडवी झाली तर त्याच्यावर सही कोण करणार?"

तो प्रश्न खरा होता.

तिनं सांगलीला आपल्या छाया तपासणी मंडळात केळुसकर साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पट्टी पास आहे ना? मग नियमानं छप्पर सुरक्षित."

"साहेब, पट्टी खोटं बोलतेय. रोज धुतली गेलीय ती."

"ते तुम्ही लेखी द्या. उद्या पथक पाठवतो. आणि मॅडम, चार हजार लोकांत छप्पर पडतंय असं ओरडू नका. दोनच दारं आहेत, प्रत्येक आठ फुटांचं. काय होईल ते तुम्हाला कळतं."

तेही खरंच होतं.

दहा वाजून गेले होते. बुवा उभे राहिले होते. पंचाहत्तरीचा माणूस, पण गळा अजून घंटेसारखा. मागं तीस टाळकरी, बाजूला वीणेकरी. स्वप्नाली गर्दीतून वाट काढत कड्याखाली पोचली. तिथं तिची सात वर्षांची ओवी मैत्रिणींत मांडी घालून टाळ्या वाजवत होती. वर कडं मंदपणे फिरल्यासारखं हलत होतं. स्वप्नालीनं ओवीचा दंड धरला.

"उठ."

"का गं आई? आत्ताच तर सुरू झालंय!"

"उठ म्हणते ना."

तिनं लेकीला उचलूनच बाजूला घेतलं. शेजारी बसलेल्या वनाआक्का हसून म्हणाल्या, "बरं केलंस बाई, तेवढीच जागा झाली." त्यांनी मागं उभ्या असलेल्या कुणाच्या तरी चार-पाच वर्षांच्या पोरीला खुणेनं बोलावलं आणि ओवीच्या जागेवर बसवलं. "ये गं, हितं गार हाय."

त्या पोरीनं वर तोंड करून धुकं अंगावर घेतलं.

स्वप्नाली थांबली. नंतर कितीतरी दिवस तिला आपल्या त्या पहिल्या विचाराची लाज वाटत राहिली. ती एकच पोर घेऊन निघाली होती. तिनं ओवीला मालनकाकूंच्या हवाली केलं, देवळात बसायला सांगितलं आणि टोपलीतला अर्धवट ओवलेला हार तसाच उचलला.

कीर्तन चालू असताना बुवांशी कुणी बोलत नाही. पण हार घालायला, पाया पडायला कुणीही पुढं जातं, आणि त्यानं रंगाचा भंग होत नाही. स्वप्नाली पुढं झाली. हार घातला, वाकली, आणि उठताना त्यांच्या कानाशी म्हणाली, "मामा, माझी तपासणी चुकली. वरचं कडं सुरक्षित नाही. माणसं हलवा. पळापळ होऊ देऊ नका."

टाळकरी चरण घोळवत होते. बुवांनी तिच्याकडं पाहिलं. "खात्री?"

"खात्री नाही. पण मी ओवीला तिथून उठवलंय."

बुवांनी डोळे मिटले. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. स्वप्नालीला वाटलं, ह्यांनी आपल्याला धुडकावलं. मग बुवांनी हात वर केला. पखवाज थांबला.

"मायबाप," बुवा म्हणाले, "मला एक सांगा. गोकुळातला काला कुठं झाला? छपराखाली?"

लोक हसले. "न्हाई!"

"पंख्याखाली? हे असं गुलाबपाणी शिंपडत होतं का कुणी देवावर?"

मोठा हशा.

"रानात झाला! झाडाखाली, गाईवासरांत. ज्यानं त्यानं आपली शिदोरी आणली आणि एकात कालवली. आणि आपण तेहतीस वर्षं फरशीवर बसून काला करतोय. आज माझ्या मनात आलंय, काला रानात करायचा. देवळामागं जयसिंगदादांची बाग आहे, मांडवाला पानं दाट आहेत. दादांसारखा यजमान असताना देवाला सावलीची काय वाण!"

साउलीच्या दारात दादांचा हात बुक्क्याच्या वाटीत थांबला.

"पण गवळणी आधी!" बुवांचा आवाज चढला. "कड्याखाली बसल्यात त्या माझ्या आया, म्हातारी माणसं, लेकरं, ती पहिली उठतील. बाकी कुणी हलायचं नाही. ज्याचा पाय आधी उचलेल त्याला लाह्यांचा प्रसाद नाही! डोक्यावर पदर, डोक्यावर उपरणं. दर माणसानं एका म्हाताऱ्याचा हात धरायचा. पुंडलिका, वीणा घे आणि पुढं हो. वीणा भुईला लागायची नाही. रामकृष्ण हरी!"

टाळ कडाडले.

स्वप्नालीनं आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली होती. बुवांचं असं कीर्तन मात्र तिनं पाहिलं नव्हतं. ते कड्याच्या खालीच उभे राहिले. एकेका रांगेकडं हात करून, नावं घेऊन, थट्टा करून त्यांनी माणसं उठवली. "वनाआक्का, गुडघे सासरी ठेवून आलात का? चला!" "अरे पैलवान, मागं काय लपतोस, त्या आजीला उचलून घे!" दाराशी रेटा वाढला की ते लय धिमी करत, आणि चार हजार पावलं धिमी होत. दार मोकळं झालं की लय चढवत. वर बेल्टांतून बारीक गुंजन ऐकू यायला लागलं होतं. ते फक्त स्वप्नालीला ऐकू येत होतं, कारण ती दुसरं काहीच ऐकत नव्हती.

पंचेचाळीस मिनिटं. सगळ्यांत शेवटी बुवा निघाले.

◆

बागेत पोचेपर्यंत माणसांच्या अंगाची लाही झाली. मांडवाखाली सावली होती, पण पानापानावर गंधक होतं. हजारो डोकी पानांना लागली आणि पिवळी भुकटी झडली. डोळे चुरचुरायला लागले, शिंका सुरू झाल्या. शिंकत, डोळे पुसत लोकांनी गजर धरला. हंडी मांडवाच्या तारेला बांधली. साडेबाराला काला झाला.

त्याच वेळी वारं आलं. वावटळ देवळाला वळसा घालून मोकळ्या साउलीखाली शिरली. दुधी छप्पर फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. कडं झोपाळ्यासारखं झुललं. स्वप्नाली बागेच्या बांधावर मुठी आवळून उभी होती. कडं इकडं गेलं, तिकडं गेलं, आणि हळूहळू थांबलं.

पडलं नाही.

दोनशे लोकांना उन्हाचा त्रास झाला. तिघांना सलाईन लावावी लागली; त्यांत वनाआक्का होत्या. ठिबकच्या नळ्या तुडवल्या गेल्या होत्या. आणि एक वाजता माईकवर जयसिंगदादांचा आवाज आला, "महाप्रसादाच्या पंगती साउलीखाली बसतील. पहिली पंगत दीडला. कुणी घाबरायचं कारण न्हाई. मी सोता कड्याखाली बसणार हाय."

लोकांनी तिच्याकडं पाहिलं. ती नजर तिला बागेतल्या गंधकापेक्षा जास्त झोंबली. एक बाई दुसरीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बुवांच्या घरात आली म्हणून एवढं चालवून घेतलं."

बुवा वेलीच्या बुडाशी ओलं उपरणं डोक्यावर घेऊन बसले होते. ओठ सुकलेले, आवाज पार बसलेला. स्वप्नाली त्यांच्याजवळ टेकली.

"मामा, वारा आला तेव्हा..." ती अडखळली. "मला वाटलं, पडावं. माणसं बाहेर आहेत, आता पडावं. म्हणजे मी खरी ठरेन."

बुवांनी ओल्या उपरण्यानं तोंड पुसलं.

"वाटलं ना, वाटू दे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता माणसं परत आत चाललीत. त्यांना अडवायला तुझ्याजवळ काय आहे?"

"पट्ट्या तर माझ्याविरुद्धच बोलतात."

"मग बेल्टलाच विचार की."

बेल्टला हात लावणं हा गुन्हा होता. भार पेलणारा बेल्ट कापू नये म्हणूनच तर पट्ट्या होत्या. पण खांबाच्या टोकाला, पकडीतून बाहेर आलेलं दोन हात लांब शेपूट लोंबत असे. तोच बेल्ट, तेच ऊन, तेच गंधक; फक्त त्यावर वजन नाही. सहा वर्षांत कुठल्याही तपासनिसानं ते पाहिलं नव्हतं. खांब अठरा मीटर उंच, आणि पट्टी हाताशी होती.

बागेतली छाटणीची कात्री तिनं कमरेला खोचली. तळहातांना ओली फडकी गुंडाळली. खांबाच्या लोखंडी पायऱ्या तव्यासारख्या तापल्या होत्या. सुरक्षेचा पट्टा नव्हता. तो सांगलीला, ऑफिसच्या कपाटात. दहाव्या पायरीपाशी खालून दादांचा आवाज आला. "सूनबाई! उतर! काय चालवलंयस?"

ती चढत राहिली. बाराव्या मीटरला फडकी वाळून कोरडी झाली. पंधराव्याला खाली पाहायचं नाही असं तिनं ठरवलं आणि पाहिलं. पंगतींच्या पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. कड्याच्या बरोबर खाली.

टोकाला पोचल्यावर तिनं प्रथम तो बेल्ट पाहिला, भार पेलणारा. खालून तो नेहमी पांढरा, सपाट दिसायचा. वरच्या बाजूनं त्याला आटलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा गेल्या होत्या. कडेचे धागे एकेक करून सुटले होते आणि वाऱ्यावर कापसासारखे उडत होते. मधले काही उरले होते. किती, ते सांगता येत नव्हतं. तिचा श्वास त्यावर पडतोय ह्याचीही तिला भीती वाटली.

शेपटाला तिनं कात्री लावली. कात्री मिटायच्या आतच ते पकडीपाशी मोडलं. अलगद ओढणीच्या टोकात गुंडाळून, दातांत धरून, ती उतरू लागली. उतरताना खांबाला हिसका बसू नये म्हणून प्रत्येक पाऊल ती झोपलेल्या लेकराजवळून जावं तसं टाकत होती.

खाली दादा, बुवा, शे-दोनशे माणसं. स्वप्नालीच्या तळहातांची साल निघाली होती. तिनं गुंडाळी सोडून तो चार बोटं रुंदीचा तुकडा दादांच्या हातावर ठेवला.

"हा नवा असताना ह्याला ट्रॅक्टर टांगला असता तरी तुटला नसता, दादा. तोडा."

"मी?"

"तुम्हीच."

दादांनी दोन्ही टोकं धरली. जोर लावायला म्हणून त्यांनी पाय रोवले. पण जोर लावायची वेळच आली नाही. भाकरीचा वाळका कोर मोडावा तसा कट्ट आवाज झाला. त्यांनी उरलेला तुकडा पुन्हा मोडला. पुन्हा. पांढरा भुगा त्यांच्या बोटांवर राहिला, आणि भुग्यात पिवळं होतं.

त्यांनी ते नाकाशी नेलं. आयुष्यभर बागेत काढलेला माणूस. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे माझं हाय," ते म्हणाले.

"एकट्या तुमचं नाही, दादा. सगळ्या गावच्या बागांचं. आणि माझं. मी तिथपर्यंत कधी चढलेच नव्हते."

दादांनी मान वर करून कड्याकडं पाहिलं. खाली पत्रावळींच्या रांगा, आणि वाढपी द्रोण ठेवत चाललेले. दादा ओरडले नाहीत. ते स्वतः आत गेले. एकेका वाढप्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन आले. सगळ्यांत शेवटी आचाऱ्याला. मागचं दार त्यांनी बंद करून घेतलं. मग पुढच्या दारात उभे राहून त्यांनी डोक्याचा केशरी फेटा सोडला. दहा हात कापड. ते त्यांनी दाराच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आडवं बांधलं, दोन गाठी मारल्या, आणि उघड्या डोक्यानं पुढ्यात उन्हात उभे राहिले.

"जेवण देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, ज्याच्या त्याच्या घरी," ते म्हणाले. "हितनं आत जायचं आसंल तर ह्या फेट्यावर पाय देऊन जायचं."

कुणी गेलं नाही.

◆

देवळाच्या सभामंडपात, दगडी खांबाला टेकून स्वप्नाली बसली होती. मालनकाकू तिच्या तळहातांना तूप लावत होत्या आणि रडत होत्या. "माझ्यामुळं झालं, ताई. मला काय ठाव..."

"काकू, तुम्ही आज बोलला नसतात तर?" स्वप्नाली म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. मी शाबासकी दिली."

केळुसकर साहेबांना मोडलेल्या तुकड्यांचे फोटो गेले होते. साहेबांचा आवाज बदलला होता, पण काम तेच. अहवाल, मग बैठक, मग आदेश. तीन दिवस. तोवर कुणाशी बोलू नका. परवानगीशिवाय बेल्टला हात लावला त्याबद्दल तुमच्यावर काय होईल ते नंतर बघू.

तिनं फोन ठेवला.

तिच्या सहीची एकेचाळीस गावं होती. द्राक्षाच्या पट्ट्यातली सत्तावीस. आज बुधवार, त्यातल्या पाच गावांत बाजार भरलेला असणार, साउलीखाली, ह्या घडीला. तीन वाजता शाळांची मुलं घरी जाण्याआधी साउलीखाली रांगा करणार. प्रत्येक गावातल्या देवळावर, नाहीतर चावडीवर एक लाकडी चौकट होती, आणि सगळ्या पट्ट्या पास होत्या. त्या कुणी पुसत होतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायला तीन दिवस थांबायची तिची तयारी नव्हती.

नोकरी जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. गावं तिच्यावर चिडतील. पुन्हा माणसं उन्हात निघतील, पुन्हा कुठंतरी कुणी वनाआक्का सलाईनवर जाईल, आणि एखाद्या गावचा बेल्ट धडधाकट निघेल. तिथं ती आयुष्यभर खोटी ठरेल.

बुवा तिच्याजवळ येऊन बसले. त्यांचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. डॉक्टरांनी महिनाभर गाऊ नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी तिच्या मांडीवरचा गावांच्या यादीचा कागद उचलला, चष्मा लावला आणि तो डोळ्यांपासून लांब धरला.

"तुझ्या हातांनी बटणं दाबवणार नाहीत," ते म्हणाले. "ओवे, इकडं ये. मी नाव वाचतो, तू आईला फोन लावून दे. बोलायचं काम तिचं."

ओवी फोन घेऊन समोर बसली.

"सरपंच ओरडतील, मामा."

"ओरडू देत. आपण कधी श्रोत्यांना घाबरलो नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "बाजाराची गावं आधी. पहिलं, येळापूरवाडी. लाव, पोरी."

ओवीनं फोन लावला आणि आईच्या कानाला धरला. पलीकडं घंटी वाजू लागली. मागं, स्वयंपाकाच्या भांड्यांच्या आवाजात, कुणीतरी वीणेची तार लावून पाहत होतं. घंटी वाजत राहिली. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. सरपंचांच्या आवाजाच्या मागं बाजार ऐकू येत होता, भाजीवाल्यांचे पुकारे, लहान मुलांचा गलका.

"नमस्कार," स्वप्नाली म्हणाली. "मी स्वप्नाली खराडे बोलतेय. तुमच्या छपराच्या दाखल्यावर माझी सही आहे. ती सही मी मागं घेते आहे. आता मी सांगते तसं करा. घाई करायची नाही. आधी कड्याखालची माणसं उठवा."

बुवांचं बोट दुसऱ्या नावावर गेलं होतं.